पहिल्या दहा रेकॉर्डी कशा निवडाव्यात

या मालेतली मागची तीन व्याख्यानं 'निवड' या विषयावर झाली. माणूस निवडतो म्हणजे नेमकं काय करतो, निवडीला कारणं असतात का, आणि रुची ही ज्याची त्याची खासगी बाब आहे का, हे आपण पाहिलं. तिसऱ्या व्याख्यानानंतर केज तालुक्यातल्या एका तरुण श्रोत्यानं प्रश्न पाठवला. तो लग्नावरातीत डीजे वाजवतो. लॅपटॉपमध्ये त्याच्याकडे काही हजार गाणी आहेत. आता त्याला जुन्या पद्धतीनं, खऱ्या रेकॉर्डी फिरवून, दोन टर्नटेबलांवर हे काम शिकायचंय. टर्नटेबलं त्यानं पुण्यातून वापरलेली आणली. खिशात थोडे पैसे उरलेत. तो विचारतो, "सर, पहिल्या दहा रेकॉर्डी कोणत्या घेऊ? नावं सांगा."

तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तराला हे का विचारावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. मला तो प्रश्न फार आवडला. हजारो गाणी फुकट हाताशी असताना दहाच निवडायच्या, त्याही पदरचे पैसे मोजून. निवडीचा प्रश्न इतका उघडावाघडा समोर क्वचित येतो. शिवाय रेकॉर्डी मी चाळीसेक वर्षं जमवल्यात, त्यामुळे तांत्रिक बाजूही थोडी ठाऊक आहे. तर आजचं बोलणं त्याच्यासाठी. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं.

आधी शब्दाकडे बघू, आमच्या विषयाची ती खोडच आहे. 'डिस्क जॉकी' हा शब्द १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या रेडिओच्या धंद्यात रुळला. डिस्क म्हणजे तबकडी, जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरचा स्वार. तबकडीवर स्वार झालेला माणूस. आता आपल्याकडे काय झालं बघा. 'वरातीला डीजे आणलाय', 'पोलिसांनी डीजे जप्त केला', 'डीजेनं खिडकीच्या काचा हादरल्या'. आपल्या बोलण्यात डीजे ही वस्तू झाली. टेम्पोवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, तिचं नाव डीजे. तिच्यामागे लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराला नावच उरलं नाही. तो 'डीजेवाला', म्हणजे भिंतीचा राखणदार. एखाद्या भाषेत माणसाचं नाव वस्तूला चिकटतं तेव्हा माणसाचं काहीतरी हरवलेलं असतं. इथं काय हरवलं? पुढचं गाणं कोणतं हे ठरवण्याचा त्याचा अधिकार. समोरचा ओरडतो ते गाणं लावायचं, आवाज वाढवायचा, बस्स. केजच्या या मुलाला तो अधिकार परत हवाय, असं मी त्याच्या प्रश्नाचं वाचन करतो.

हा अधिकार आपल्या भागात पूर्वी होता. माझं लहानपण पाटोदा तालुक्यात गेलं. साठच्या दशकात आमच्या गावात वीज नव्हती. लग्न निघालं की स्पीकरवाला बैलगाडीतून यायचा. चावीचा ग्रामोफोन, मोटारीची बॅटरी, अॅम्प्लिफायर, दोन कर्णे आणि एक पत्र्याची ट्रंक. कर्णा लिंबाच्या झाडाला उंच बांधायचा, म्हणजे शेजारच्या दोन वस्त्यांना कळायचं की अमक्याच्या घरी कार्य आहे. ट्रंकेत ७८ च्या रेकॉर्डी. एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास एक गाणं. या रेकॉर्डी लाखेच्या असायच्या, बांगडीला लागते तीच लाख, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. पडली की खापरासारखी फुटायची. एकेक दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पन्नास रेकॉर्डी झाल्या की दहा किलो. बैलगाडीच्या धक्क्यात यापेक्षा जास्त न्यायच्या कशा? म्हणून त्याची निवड ट्रंकेच्या मापाची होती.

आणि ती काय निवड असायची! बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, १९५२ पासून चाललेला कार्यक्रम. स्पीकरवाला दुकानाच्या कट्ट्यावर बसून ती ऐकायचा. काय गाजतंय ते त्याला कळायचं, पण गाजलेलं सगळं तो आणायचा नाही. एका नव्या सिनेमाचं गाणं मला फार हवं होतं. मी त्याला विचारलं, ती रेकॉर्ड का नाही आणली? तो म्हणाला, "तिची सोयरीक कुणाशीच जमंना, पोरा. तिच्यामागं लावू काय?"

साठ वर्षं झाली, हे वाक्य डोक्यातून जात नाही. त्याचा अर्थ नीट बघा. त्याला गाणं चांगलं की वाईट एवढंच बघायचं नव्हतं. ट्रंकेतल्या बाकीच्या गाण्यांशी त्याचं नातं लागतं का, हे तो बघत होता. तीन मिनिटांनी रेकॉर्ड संपणार, मांडवात माणसं बसलेली, जेवणाच्या पंगती चाललेल्या, पुढची रेकॉर्ड लावायलाच हवी. जिच्या आधी किंवा नंतर लावायला काही नाही, ती रेकॉर्ड ट्रंकेत फुकट जागा अडवणार.

आणखी एक गोष्ट होती त्या ट्रंकेत. रेकॉर्डींचे गठ्ठे वेगवेगळ्या फडक्यांत बांधलेले असायचे. एक सप्ताहाचा आणि देवाच्या कार्याचा. एक उरुसाचा, कव्वालीचा. एक १४ एप्रिलच्या जयंतीचा. एक लग्नाचा, त्यात सिनेमाची गाणी आणि लावण्या. गाव ज्या ज्या कारणांनी जमतं त्या प्रत्येक कारणासाठी एक गठ्ठा. प्रल्हाद शिंद्यांसारखा गायक भक्तिगीतं गायचा, कव्वाल्या गायचा आणि भीमगीतंही गायचा, त्यामुळे पुढच्या काळात एकच आवाज अशा तीन गठ्ठ्यांत ऐकायला येऊ लागला. काही गावांतले स्पीकरवाले जयंतीचा गठ्ठा ठेवायचेच नाहीत. त्यांच्याकडे नव्हता म्हणजे नव्हता. कुणी कारण विचारायचं नाही, पण सगळ्यांना कळायचं. ट्रंकेत काय आहे यावरून त्या माणसाच्या लेखी गावात कोण कोण राहतं हे समजायचं. हे आजच्या लॅपटॉपलाही लागू आहे, फक्त हजारो गाण्यांच्या ढिगात ते दिसत नाही. दहा रेकॉर्डींत लगेच दिसतं.

आता मुद्द्याकडे. मुलाला नावं हवी आहेत. नावं मी देईन, थोडी देईन. पण आधी टर्नटेबलवर काय घडतं ते पाहू, नाहीतर नावांचा उपयोग नाही.

डीजेचं मूळ काम दोन तबकड्यांचं. एक लोकांना ऐकू येतेय, दुसरी फक्त त्याच्या कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये. दुसरीची लय पहिलीशी जुळवायची, ठेका ठेक्यावर बसवायचा, आणि मग मिक्सरवरून हळूच एकीतून दुसरीत जायचं. नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये. त्यासाठी टर्नटेबलवर वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी असते. टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे यंत्र १९७२ मध्ये आलं, आणि १९७९ च्या त्याच्या सुधारित आवृत्तीनं ही सरकपट्टी जगभर रूढ केली. तिच्यावर वेग आठ टक्के वर आणि आठ टक्के खाली जातो. हा आठाचा आकडा पाठ करा, कारण तुमची अर्धी खरेदी तो ठरवणार.

हिशोब सोपा आहे. गाणं लावा, घड्याळ बघा, पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारनं गुणा. तीस पडले तर मिनिटाला एकशे वीस. आता एक गाणं शंभरचं आणि दुसरं एकशे वीसचं असेल, तर शंभरचं जास्तीत जास्त एकशे आठपर्यंत चढेल आणि एकशे वीसचं एकशे दहाच्या किंचित वरच अडेल. भेट होणार नाही. एकशे सोळा आणि एकशे वीस आरामात भेटतात. तर ही पहिली सोयरीक, लयीची.

वेग वाढला की सूरही चढतो, हे विसरू नका. साधारण सहा टक्क्यांनी अख्खा अर्धा स्वर वर जातो. पांढरी एकला गाणारी बाई काळी एकला गायला लागते. ढोलकीला ते फारसं जाणवत नाही, गळ्याला जाणवतं. म्हणून शिकताना पहिल्या रेकॉर्डीत अशा जागा हव्यात जिथं नुसता ठेका आहे, गाणारं कुणी नाही. आपल्या सिनेमाच्या गाण्यात आधी व्हायोलिनं, मग बासरी, मग एकदम मुखडा. दुसरं गाणं आत सरकवायला फटच नाही. परदेशातल्या नाचाच्या बारा इंची रेकॉर्डी मात्र याच कामासाठी घडवल्या गेल्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये एका बाजूला एकच लांबवलेलं गाणं छापायची रीत आली. खाचांना ऐसपैस जागा मिळाली, आवाज भरदार झाला, आणि सुरुवातीला-शेवटी नुसता ठेका ठेवायची प्रथा पडली. ती फट डीजेसाठीच असते.

दुसरी सोयरीक तालाची. केरवा आठ मात्रांचा, धुमाळी आठ मात्रांची. त्यांची परदेशी चार-चारच्या ठेक्याशी मैत्री होते. दादरा सहा मात्रांचा. आपली कितीतरी हळदीची, ओव्यांच्या वळणाची गाणी सहाच्या झुल्यावर असतात. आठाची आणि सहाची रेकॉर्ड एकावर एक चढवली तर लय कितीही जुळवा, चार ठोके नीट जातील आणि पुढं पाय अडखळतील. दुकानात उभं राहून मांडीवर बोटांनी मात्रा मोजा. दुकानदार हसला तर हसू द्या.

आता पहिल्या दोन रेकॉर्डी. माझं म्हणणं ऐकून मुलगा निराश होईल. पहिल्या दोन म्हणजे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती.

यामागे एक गोष्ट आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, एका इमारतीच्या सामायिक खोलीत, बहिणीच्या कार्यक्रमात एका पोरानं रेकॉर्डी वाजवल्या. डीजे कूल हर्क त्याचं नाव. जमैकातून लहानपणी आलेला, वस्ती गरिबांची. त्याच्या लक्षात आलं की लोक सबंध गाण्यावर नाचतच नाहीत. गाणं थांबून नुसते ड्रम वाजतात त्या काही सेकंदांची ते वाट बघतात. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या. एकीवर तो तुकडा संपला की दुसरीवर तोच तुकडा, तोवर पहिली मागे फिरवून तयार. काही सेकंदांची जागा तो हवी तेवढी लांबवू लागला. हिप-हॉप नावाची जी गोष्ट पुढे जगभर गेली तिची सुरुवात तिथे मानतात. साधन काय, तर एकच रेकॉर्ड दोनदा विकत घेणं! आणखी एक गंमत सांगतो. जमैकात गावोगाव स्पीकर घेऊन फिरणारे साउंड सिस्टिमवाले असत, अगदी आपल्या स्पीकरवाल्यांचे भाऊ. ते रेकॉर्डवरचं लेबल खरवडून टाकायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये. हर्कही लेबलं काढून टाकायचा. नावं विचारू नकोस असं मी का म्हणतोय ते आता कळलं का? (हशा)

दोन प्रतींचा शिकणाऱ्याला फायदा असा की लय आपोआप सारखी असते. वेगाची पट्टी दोन्हीकडे मध्यावर ठेवायची आणि नुसतं एकाच क्षणी सोडायला शिकायचं. हात बसला की एकीचा वेग मुद्दाम थोडा बिघडवायचा आणि कानानं परत जागेवर आणायचा. महिनाभर हेच. शास्त्रीय गायनात नवा शिष्य महिनोन्‌महिने षड्ज लावत बसतो तसं. ही रेकॉर्ड स्वस्त असावी, कारण ती झिजणार आहे. आणि तिचा ठेका यंत्राचा असावा, माणसाचा नसावा. हे जरा समजावून सांगतो. सत्तरच्या दशकातल्या आपल्या सिनेमांच्या गाण्यांत स्टुडिओत सगळे वादक एकत्र बसून वाजवत. माणूस वाजवतो तेव्हा लय श्वासासारखी किंचित हलते. ऐकायला त्यात जीव असतो, पण नवशिक्याला जुळवणं महाकठीण. १९८० च्या आसपास डिस्को आलं, पाठोपाठ ठेक्याची यंत्रं आली, आणि लय सरळ झाली.

इथं एक आपली, मुंबईची रेकॉर्ड सांगायलाच हवी. चरणजित सिंग नावाचे सिनेसंगीतातले वादक होते. त्यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी दहा रागांची एक एलपी केली. भैरव, मालकंस असे राग, सिंथेसायझरवर, आणि खाली रोलँड कंपनीच्या ठेका-यंत्राचा सरळ ठोका. तेव्हा ती कुणी घेतली नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला तिची प्रत मिळाली, २०१० मध्ये ती पुन्हा छापली गेली, आणि पाश्चात्त्य जाणकार चकित झाले, कारण ज्याला ते अॅसिड हाऊस म्हणतात ते संगीत तिकडे रुळायच्या काही वर्षं आधी हे इथं वाजलं होतं. जुनी मूळ प्रत तुम्हाला परवडणार नाही, पुनर्मुद्रण बघा. सरळ लय, गाणारं कुणी नाही, आणि कान आपल्या ओळखीच्या सुरांत. शिकायला यापेक्षा चांगली रेकॉर्ड मला माहीत नाही. तिच्या दोन प्रती जमल्या तर उत्तम. नाहीच जमलं तर जुन्या बाजारातली डिस्कोच्या दिवसांतली सिनेमाची एलपी घ्या. 'कुर्बानी' १९८० ची, 'डिस्को डान्सर' १९८२ ची. ही गाणी तेव्हा घराघरांत होती, त्यामुळे त्यांच्या एलपी अजून जुन्या बाजारात हाताला लागतात.

तिसरी आणि चौथी रेकॉर्ड या जोडीच्या लयीजवळची, पण वेगळ्या रंगाची. इथं मी नाव देणार नाही. मांडीवर मोजून स्वतः शोधा.

पाचवी मात्र आपल्या मातीची घ्या. एखादी ढोलकीची. राम कदमांचं संगीत असलेली 'पिंजरा', १९७२ ची, किंवा सुलोचना चव्हाणांच्या लावण्यांची छोटी ४५ ची रेकॉर्ड. ती जुळवायला जड जाईल, कारण लावणीची लय शेवटाकडे चढत जाते आणि यंत्राचा ठोका चढत नाही. मग करायचं काय? सरकपट्टीवर बोट ठेवून बसायचं आणि ढोलकीबरोबर दुसऱ्या रेकॉर्डला चढवत न्यायचं. हे ज्याला साधलं त्याला मी स्वार म्हणेन. आधीच्या चार रेकॉर्डींवर सहा महिने घाम गाळल्याशिवाय हे होणार नाही, आणि सहा महिन्यांत लावणीची ती एक बाजू इतकी पाठ होते की ढोलकीवाला कुठं श्वास घेतो ते कळायला लागतं.

सहावी अशी घ्या की जिच्यावर कुणी नाचणार नाही. भीमसेन जोशींच्या अभंगांची एलपी चालेल. कार्यक्रम थांबवायचा कसा, हे आपल्याकडच्या डीजेवाल्यांना येतच नाही. पोलीस येतात तेव्हा थांबतात! दीड तास नाचलेल्या माणसांना घरी पाठवायलाही एक रेकॉर्ड लागते.

उरलेल्या चार जागा रिकाम्या ठेवा. दहाही एका दिवसात घेतल्या तर त्या निवडलेल्या नसतात, उचललेल्या असतात. सहा रेकॉर्डींशी राहिल्यावर सातवी कोणती हवी हे त्या सहाच सांगतील.

हे मी मोघम बोलत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७५७ मध्ये रुचीच्या प्रमाणावर निबंध लिहिला, त्यात 'डॉन किहोते'मधला एक किस्सा सांगितला आहे. दोन भाऊबंदांना पिंपातली दारू चाखायला दिली. एक म्हणाला, छान आहे, पण चामड्याची किंचित चव येतेय. दुसरा म्हणाला, छान आहे, पण लोखंडाची चव लागतेय. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी ओवलेली किल्ली सापडली. ह्यूमचं म्हणणं, अशी जीभ सरावानं आणि तुलनेनं तयार होते. तुलनेसाठी किमान दोन वस्तू लागतात आणि त्यांच्याकडे वारंवार परतावं लागतं. आपल्याकडे अभिनवगुप्तानं सहृदयाचं वर्णन केलं आहे, त्यातही हेच: काव्याच्या सततच्या अभ्यासानं ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला तो सहृदय. दोघांनी सराव हा शब्द सोडलेला नाही. लॅपटॉपमधल्या हजारो गाण्यांकडे परतणं होत नाही, त्यातलं बरंचसं आपण एकदाही पुरतं ऐकलेलं नसतं. दहा रेकॉर्डींकडे परतावंच लागतं, दुसरं काही घरात नसतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. हल्ली टाइमकोडच्या रेकॉर्डी मिळतात. त्यांच्यात गाणं नसतं, एक खुणेचा आवाज असतो. अशा दोन घेतल्या आणि लॅपटॉप जोडला की हातात तबकडीच फिरते, पण वाजतं लॅपटॉपमधलं गाणं. मग दहा घ्यायच्याच कशाला? हाताचं कसब शिकायला ही सोय उत्तम आहे, आणि ज्याचं पोट लग्नांवर आहे त्यानं ती जरूर घ्यावी. केजच्या मुलालाही मी तेच सुचवीन. ऊसतोडीवरून माणसं परतली की आपल्याकडे लग्नांचा हंगाम, अक्षय्य तृतीयेपासून जूनपर्यंत, तेवढ्यात त्याला वर्षाची कमाई करायची असते. तिथं तो दहा रेकॉर्डींवर कार्यक्रम करू शकणार नाही. पण टाइमकोडमुळे पुन्हा हजारो गाणी समोर येतात, आणि निवड पुन्हा पुढे ढकलली जाते. म्हणून दोन्ही करा. धंद्याला ते, घरी शिकायला हे.

खरेदीचं थोडं. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. नव्या रेकॉर्डींसाठी मुंबईला माहीममध्ये रिव्हॉल्व्हर क्लब नावाचं दुकान आहे. नवी एलपी आज दोन-तीन हजारांच्या घरात जाते, म्हणून जुन्यावर भर. जुनी घेताना आधी पाकिटातली रेकॉर्ड पाकिटावरचीच आहे का बघा. मग ती उन्हाकडे तिरपी धरा. केसासारखे चरे चालतात. नखाला लागतो तो चरा चालत नाही, तिथं सुई उडी मारणार. डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाकलीय का पाहा. आणि खाचांचा रंग वाचायला शिका. दणक्याचा भाग उजेडात करडा, चमकता दिसतो. शांत भाग काळाभोर. नुसत्या ठेक्याची जागा किंवा गाण्यातली विश्रांती कुठं आहे, हे सराव झाला की न वाजवता कळतं.

घरी आणल्यावर पुस्तकासारखी उभी ठेवा, आडव्या थप्पीत नको. आपल्या मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत तासभर राहिली तर पापड होतो. आणि ती बॅगेसारखी दिसणारी स्वस्त रेकॉर्ड प्लेअर मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यांची सुई जड असते आणि हातानं मागे-पुढे फिरवायला ती यंत्रं बनवलेलीच नाहीत.

एक शेवटचं, आवाजाबद्दल. कायदा तुम्हाला माहीत आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, काही सणांचे दिवस वगळून. मी कायद्यापेक्षा कानाबद्दल बोलतो. पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास हे कामगारांसाठी सुरक्षित मानतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला तुमच्याकडे पंधरा मिनिटं उरतात. वरातीतल्या भिंतीसमोर किती असतं ते तुम्हीच बघा. दोन ठेक्यांमधला तांदळाएवढा फरक ओळखणं हे ज्याचं भांडवल, त्याचा कान विशी-पंचविशीत गेला तर रेकॉर्डी घेऊन करायचं काय? इअरप्लग पहिल्या रेकॉर्डच्याही आधी घ्या.

प्रश्न असतील तर घेऊ. हां, मागून हात वर आलाय.

(श्रोत्यांतून प्रश्न: घरी आजोबांच्या पेटीत ७८ च्या जुन्या रेकॉर्डी निघाल्या आहेत. त्या या टर्नटेबलवर शिकायला वापरता येतील का?)

नाही, शिकायला वापरू नका. त्या मोडतील. शिवाय तुमच्या टर्नटेबलवर ७८ चा वेग आहे का ते बघा, बऱ्याच डीजेच्या यंत्रांवर ३३ आणि ४५ एवढंच असतं. सुईही वेगळी लागते. ७८ ची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते. उलटंही तेवढंच खरं, ग्रामोफोनची पोलादी पिन एलपीवर ठेवली तर एलपी संपली. पुसायला स्पिरिट अजिबात नको, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ फडकं, थोडं पाणी, कागदी लेबल भिजू द्यायचं नाही, आणि सावलीत वाळवायचं. मग लेबलवरची नावं आणि नंबर वहीत उतरवून काढा. मुंबईत जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांची सोसायटी आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. त्यांच्यातल्या कुणाला ती यादी दाखवा. आणि आजोबा हयात असतील तर यादी करताना त्यांना शेजारी बसवा. कोणती रेकॉर्ड कशानंतर लावायचे, तेवढं विचारून घ्या.

(प्रश्नकर्ता: आहेत सर, ब्याण्णव वर्षांचे.)

मग इथं काय करताय, घरी जा. (हशा)